काकाची जागा

केलसोम खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत माशाच्या पापड्यांचं पीठ मळत होती आणि तिचा नवरा जुसोह जिन्याच्या पायरीवर बसून फाटकं जाळं सांधत होता. एवढ्यात मैमून आली. नेहमी हसत येणारी पोर आज जिन्यापाशीच घुटमळली.

"काका, शुक्रवारी याल ना?"

"बघू," जुसोह म्हणाला आणि मान खाली घालून जाळ्याशी खटपट करू लागला.

मैमून त्याच्या वारलेल्या भावाची एकुलती एक लेक. बाप नाही, आजोबा नाही, पाठीला भाऊ नाही. निकाहात तिला नवऱ्याच्या हाती सोपवायचं ते वली म्हणून जुसोहनंच. पण नवरामुलगा पडला दुसऱ्या राजकीय पक्षाचा.

मलेशियातल्या तेरेंगानूच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव एवढंसं, पण त्यात नमाजघरं दोन, चहाच्या टपऱ्या दोन, मयतीला जाणारी माणसंही वेगवेगळी. जुसोहच्या पक्षाच्या शाखेनं ठरावच केला होता: 'त्यांनी' कापलेलं जनावर खायचं नाही, 'त्यांच्या' काझीसमोरचा निकाह मानायचा नाही. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनी एकमेकांचा भात विटाळ मानावा, याला काय म्हणावं!

जुसोहला हे मुळीच पटत नव्हतं. दर सभेत तो उठून विरोध करी, दर वेळी हरे, आणि हरला की मुकाट्यानं ठराव पाळी. त्यानं जवानीत या पक्षाचे झेंडे खांद्यावर वाहिले होते, पोलिसांचा मार खाल्ला होता. "आईचं चुकलं म्हणून कोणी घर सोडतं का?" असं तो म्हणे, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

मैमूनसाठीही तो सभेत भांडला. शाखेचे प्रमुख हाजी शाफी शांतपणे म्हणाले, "आज तुला सूट दिली, तर उद्या प्रत्येकाची पुतणी निघेल." हात वर झाले. जुसोह हरला.

शुक्रवारी केलसोमनं त्याचा ठेवणीतला लुंगीसारखा सारोंग काढून ठेवला.

"अहो, उठा. पोर वाट बघत असेल."

"शाखेनं नको म्हटलंय."

"शाखेनं तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं का?"

"मी माझं मत मांडलं होतं, केलसोम."

"मांडलंत हो! आता ते मत जाऊन बसणार आहे का तिच्या निकाहाला?"

जुसोह उठला नाही. तिकडे काझी बराच वेळ थांबले. निरोपावर निरोप आले. शेवटी काझींनी स्वतःच वली होऊन निकाह लावला. बायका कुजबुजल्या, "सख्खा काका जिवंत असून पोरकी गेली हो!" मैमून रडली नाही. ती दाराकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मेंदीच्या हातांनी भात आणि सासरी कापलेल्या म्हशीचं मटण घेऊन आली.

"काका, हे हराम आहे असं वाटतं तुम्हाला?"

"नाही गं पोरी."

"मग हाजी शाफींपेक्षा तुमचं वागणं मला जास्त लागलं. त्यांना ते खरं वाटतं. तुम्हाला वाटत नव्हतं, तरी तुम्ही आला नाहीत."

डबा पायरीवर ठेवून ती निघून गेली. केलसोम तिथंच बसून जेवली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या सभेत हाजी शाफींनी जुसोहच्या खांद्यावर हात ठेवला. "निष्ठा शिकावी तर या माणसाकडून! मनाविरुद्ध होतं, तरी ठराव पाळला." सगळ्यांनी शाबासकी दिली. जुसोहला ती शाबासकी चपराकीसारखी लागली. तो उठला.

"मला एकच विचारायचंय. त्यांचं अन्न हराम आहे असं मनापासून कोणाला वाटतं? हात वर करा."

हाजी शाफींचा हात वर गेला. मागून आणखी दोन म्हाताऱ्यांचे. बाकी भरलेली सभा चटईकडे बघत राहिली. गाव दुभंगलं होतं ते या तिघांमुळे नव्हे. मान खाली घालून बसलेल्या त्या सगळ्या भल्या माणसांमुळे.

"पक्ष सोडतोयस का, जुसोह?" हाजी शाफींनी विचारलं.

"नाही, हाजी. हा पक्ष माझाही आहे. मत यालाच देईन. पण जे पटत नाही, ते यापुढं पाळणार नाही. काढायचं तर तुम्ही मला काढा."

सभेतून तो थेट मैमूनच्या सासरी गेला. त्याला दारात बघून सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मैमूननं मात्र हात धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं.

"जेवा काका, पोटभर जेवा."

तिच्या आवाजात राग उरला नव्हता. जुसोह सगळ्यांसमोर जेवला. पण तिचा निकाह एकदाच व्हायचा होता, आणि तो काकाविना होऊन गेला होता.