ओठाच्या कडेला

काउंटरवरच्या गोल आरशात आधी फ्रेम दिसते आणि मग, नको असताना, ओठ — उजव्या कडेला चार पुळ्यांचा पुंजका, काल नुसता चुणचुणत होता, आज पाण्याने टरारलेला. चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या बाईला तोंड लपवायला जागा नसते, भिंतीभर आरसे. सकाळीच ज्येष्ठमधाची पूड मधात कालवून तिने लावली होती. शेंगदाण्याला ती कित्येक दिवस शिवली नव्हती, चॉकलेट बंद, टोमॅटो बंद, उकडलेल्या भाज्या आणि दही... तरी हा आलाच. काय चुकलं? परवाच्या बिस्किटात काजू होते का?

"बदाम घ्या, बाई." काचा घासणाऱ्या कारागिराने आतून डबा पुढे केला. "डोळ्यांना चांगले."

"आणि ओठांना वाईट."

"तुम्ही खाता काय तेवढं सांगा. ते लवकर सांगून होईल."

ती हसली, कड ताणली गेली, दुखलं. तेवढ्यात भावाचा फोन. तो सावत्र आहे हे त्याला कधी आठवायचं नाही, तिलाच आठवायचं.

"तायडे, आज येतेस ना? डॉक्टरांनी हात टेकलेत. आई बोलत नाही, नुसती दाराकडे बघत राहते."

"ओठावर आलंय रे. असं आजारी माणसाजवळ कशी येऊ? तिला लागायचं."

"तुझा ओठ बरा वेळेवर फुटतो!" म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्याची आई म्हणजे हिची मावशी — हिची आई गेल्यावर बाबांनी घरात आणलेली, नात्याने मावशी नव्हेच, पण आई म्हणायचं नाही म्हणून मावशी.

दुपारी त्वचेच्या डॉक्टरीणबाई नवा चष्मा न्यायला आल्या. तो नाकावर चढवून त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते हिच्या ओठाकडे.

"लहानपणापासून?"

"आठवतंय तेव्हापासून. पथ्य सगळं पाळते."

"पाळा, बरं वाटत असेल तर. पण हा विषाणू आहे, खाण्यातून आलेला नाही. एकदा शिरला की जन्मभर आत दबा धरून बसतो. लहानपणीचा म्हणजे बहुधा घरातल्याच कुणाचा — मुका घेतला असेल, नाहीतर उष्टा पेला. घरात कुणाला यायचं?"

"मावशीला," ती म्हणाली, आणि काड्या जरा सैल करते म्हणत चष्मा त्यांच्या नाकावरून काढून घेतला.

मावशीला. बारीक स्क्रू फिरवताना तिला मावशीचा तूप लावलेला ओठ दिसला, मग स्वतःचा लहानपणीचा तो ताप — तोंडभर फोड, मावशीच्या हातातला गार दुधाचा चमचा, दात लागू नयेत म्हणून अलगद धरलेला — आणि ताप उतरल्यावर अचानक वरच्या फळीवर गेलेला मावशीचा पेला, वेगळा टॉवेल, "लांब हो, अंगावर येऊ नकोस." मला वाटलं, तिला किळस येते. माझ्या तोंडाची किळस. त्या किळसेपायी मी घर सोडलं, तिच्या फोनांना कामाची कारणं सांगितली, आणि आजही... पण भावालाही तिने कधी ओठ लावले नाहीत, नुसता केसांतून हात फिरवायची. मला मात्र तेव्हा त्याच्या केसांतला तो हातच दिसायचा.

म्हणजे तापाआधी केव्हातरी, मला आठवत नाही अशा एखाद्या संध्याकाळी, तिने मला जवळ ओढलं असेल. किंवा नसेल. पेलाही असेल, तापाआधी पेले वेगळे नव्हते. ज्या बाईला माहीत आहे ती बोलत नाही. आणि गेलं तरी विचारायचं काय — तू माझा मुका घेतला होतास का? पन्नाशीला टेकलेल्या बाईने हे कुणाला कसं विचारायचं? आणि मावशीला वाटलं, दुखणं कुणी दिलं याचा मी जाब मागायला आलेय, तर? ते तर ती तेव्हापासूनच भोगत आली असेल, पेला वर ठेवून, तोंड फिरवून, एकटी...

"आता नीट बसला," चष्मा परत चढवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती हो म्हणाली. सवयीने तिने आतल्या आत मावशीवरचा राग चाचपला — तो कुठे ठेवलाय हे तिला आजवर कधी शोधावं लागलं नव्हतं — आणि तो हाताला लागेना.