तिसरा पुकारा

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि आज सांगायची आहे ती एका हाकेची गोष्ट. चित्त इकडे द्या.

गादीवाल्या मावशींचं दुकान म्हणजे एक खोली, कापसाचा ढीग आणि त्या ढिगात मावशी. नवरा गेल्यावर तिथेच गाद्या शिवून त्यांनी लेकीला मोठं केलं. आणि एक दिवस घरमालकाने कोर्टात दावा लावला: दुकान बरीच वर्षं बंद आहे, सबब खोली रिकामी करून मिळावी.

"बंद?" मावशी आपल्या वकीलबाईंपुढे कडाडल्या. "अहो, त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची गादी मी त्याच खोलीत शिवली! कापूस पुन्हापुन्हा पिंजला, पाठीला टोचू नये म्हणून. आणि म्हणे बंद!"

"हेच कोर्टात सांगा. पण मागची तारीख तुम्ही चुकवलीत. या वेळी हजर नसाल तर निकाल एकतर्फी लागेल, मग खोली गेली म्हणून समजा."

खोली गेली की लेकीकडे जायचं. जावई चांगला होता, पण पाहुणीसारखं किती दिवस बसायचं?

तारखेला त्या सगळ्यांच्या आधी कोर्टात पोचल्या. वकीलबाईंचं दुसरीकडे काम निघालं. "नाव पुकारलं की सरळ आत जा, मी आलेच," म्हणून त्या पळाल्या. मावशी दाराबाहेर बाकावर बसल्या. शेजारी शिपायाचं स्टूल, त्यावरची उशी उसवलेली, कापूस बाहेर डोकावतोय. मावशींना राहवेना. गळ्याशी खोचलेली सुई निघाली, दोरा ओवला गेला, आणि बाई कोर्ट विसरल्या.

शिपायाने दारात येऊन पुकारा केला. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत. मावशी टाके घालत राहिल्या. आता चूक कोणाची म्हणायची? नवरा गेल्यापासून त्या नावाने त्यांना कोणी हाकच मारली नव्हती. गल्लीला त्या मावशी, गिऱ्हाइकांना मावशी, लेकीला आई. दुसरा पुकारा झाला. हे नाव कुठेतरी ऐकलंय, असं त्यांना वाटून गेलं. 'कोण बाई आहे बिचारी! कोर्टाला तरी वेळेवर येऊ नये का?'

दारात घरमालक आणि त्याचा वकील उभे होते. "गप्प राहा," वकील कुजबुजला. "अजून एक पुकारा, की काम फत्ते."

घरमालकाने बाकाकडे पाहिलं. मान खाली, दोरा दातांत. आईच्या उशाशी बसून मावशी उशीचा अभ्रा शिवायच्या, त्या अशाच.

तिसरा पुकारा झाला.

"मावशी!" घरमालकाच्या तोंडून हाक फुटली. "अहो मावशी, तुम्हालाच बोलावतायत! उठा!"

"मला? मग याला सरळ मावशी म्हणायला काय झालं होतं?"

त्या उशी घेऊनच आत गेल्या.

"हे काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तुमच्या शिपायाची उशी, साहेब. थोडेच टाके राहिलेत."

"तुमचं दुकान बंद आहे ना?"

"यालाच विचारा." मावशींनी घरमालकाकडे बोट केलं.

घरमालकाचा वकील पुढे झाला. "साहेब, आमचं म्हणणं असं, की..."

"तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या."

घरमालक वकिलाच्या पुढे आला. "चालू आहे, साहेब. माझी आई यांच्याच गादीवर गेली. पाठीला एक ओरखडा नव्हता. मेहुण्याने खोलीला गिऱ्हाईक आणलं आणि माझी मती फिरली. दावा मागे घेतो."

"तसं लिहून द्या," न्यायाधीश म्हणाले. वकिलाने कपाळाला हात लावला.

मावशी मटकन खुर्चीत बसल्या, डोळ्यांना धार लागली. "मेल्या," त्या घरमालकाला म्हणाल्या, "एवढंच होतं तर आधी तोंड उघडायचं होतंस! तुझ्या पायी माझी झोप उडाली होती."

तेवढ्यात वकीलबाई धापा टाकत आल्या. "सुरू झालं का?"

"संपलं. बसा, पाणी प्या."

बाहेर येऊन मावशींनी उरलेले टाके घातले आणि उशी स्टुलावर थोपटून ठेवली. शिपाई टेकला, जरा हलून पाहिलं, आणि हसून म्हणाला, "बसा मावशी."

तर माझी विनंती एवढीच. आज गादीला पाठ टेकाल तेव्हा देवाचं नाव घ्या, आणि लागूनच त्या घरमालकाची आठवण काढा. दावा त्यानेच लावला होता, खरं आहे. पण गप्प राहून जिंकायची वेळ आली, तेव्हा त्याला हाक फुटली.