भागवतनं लिहून ठेवलेली ओळ

रक्तपेढीच्या उमरीच्या नव्या केंद्राचं उद्घाटन आठवड्यावर आलं, तेव्हा मल्लिकार्जुन सरांनी धम्मप्रियाला एक सोपं काम दिलं : कोडमधले सगळे 'टूडू' काढून टाकायचे.

टूडू म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं मध्येच टाकलेली कमेंट, 'हे नंतर करायचं आहे'. कॉम्प्युटर तिच्याकडं बघतही नाही, ती माणसांसाठी असते. सरांच्या लातूरच्या छोट्या कंपनीनं नांदेडच्या एका रक्तपेढीसाठी सॉफ्टवेअर केलं होतं, आणि त्यात असल्या कमेंटांचा नुसता पसारा झाला होता. सरांना त्यांची चीड होती. "करायचं असंल तर आत्ता करावं, न्हाईतर लिहूच नये. एका कमांडमध्ये सगळे उडव."

धम्मप्रियानं कमांड लिहिलीसुद्धा. पण चालवायच्या आधी तिला वाटलं, एकदा वाचून तरी बघू. सर म्हणत होते ते खोटं नव्हतं. 'हे नीट करणे.' 'नंतर बघू.' कुणी लिहिलं, काय नीट करायचं, काहीच पत्ता नाही. ती एकेक पुसत गेली.

मग ही आली : 'टूडू, भागवत. पिशवीची मुदत रक्त घेतल्याच्या तारखेपासून नाही, केंद्रात नोंद झाल्यापासून मोजली जाते. आज एकच केंद्र आहे, त्याच दिवशी नोंद होते, म्हणून चालतंय. दुसरं केंद्र सुरू होण्याआधी हे बदलाच.'

ती उठून सरांच्या टेबलाशी गेली.

"सर, ही एक पुसू का?"

"अजून तेच करून राहिलीस? टेस्टिंग पास हाय सगळं."

"टेस्टिंग एका केंद्राचं झालंय, सर. हे बघा."

तिनं पडद्यावरच नांदेड केंद्रात एक खोटी पिशवी नोंदवली, मुदत उद्या संपणारी. ती उमरीला पाठवली, तिथं नोंद केली. पडद्यावर हिरवी खूण आली : वापरण्यास योग्य. मुदत महिनाभर पुढं गेली होती.

सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी स्वतःच रक्तपेढीला फोन लावला आणि उद्घाटन पुढं ढकलायला सांगितलं. कारण लपवलं नाही.

धम्मप्रियानं दुरुस्ती केली, उलटसुलट तपासली. त्याच दिवशी तिनं भागवतला फोन करून त्याच्या ओळीचं सांगितलं. तो कंपनी सोडून पुण्याला गेला होता, त्यांची कधी भेटही नव्हती.

"वाचली का कुणी?" तो एकदम म्हणाला. "दुसऱ्या केंद्राचं तेव्हा नावही नव्हतं, म्हणून ते बदलायचं काम दिलं न्हाई मला. म्हटलं, निदान लिहून तरी ठेवावं. पोरं हसायची, मराठीत कमेंट लिहितो म्हणून."

"मराठीत होती म्हणूनच एका दमात कळली, दादा."

"लई बरं वाटलं," तो म्हणाला.

सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. "माझं अर्धं चुकलं," ते म्हणाले. "बिननावाची, बिनकारणाची कमेंट कचराच हाय, ती जाणार. पण कुणी, का आणि कधीपर्यंत हे लिहिलेलं असंल, तर ती राहणार. आणि कामांच्या यादीतबी चढणार. दर वेळी कुणी धम्मप्रिया वाचायला बसंलच असं न्हाई."

उमरीचं केंद्र सुरू झालं तेव्हा सर तिला सोबत घेऊन गेले. उमरी तिचंच गाव. रक्तदात्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढं तिचे वडील आनंदराज उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोरीनं आम्हाला मोठ्या चुकीतून वाचवलं."

"लिहिलं भागवतदादांनी होतं," ती म्हणाली. पण मान ताठ होती.

टेक्निशियन सिंधुताईंनी पिशवीवरचं लेबल छापलं. आनंदराजांनी ते हातात घेऊन निरखलं.

"प्रिया, ही तारीख बरोबर हाय का गं?"

"हाव, पप्पा. मी तपासलीय."

त्यांनी बाही वर सारली. "मग टोचा, ताई."