आईची चेष्टा

सहा महिन्यांपूर्वी मी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायचे. मग वादविवाद स्पर्धेत पहिली आले आणि माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच! शाळेतून आम्ही चौघी आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या तुकोगंजच्या आर्ट गॅलरीत मदतीला गेलो, गॅलरी चालवणाऱ्या स्मिताजींना पाट्या मराठीतही हव्या होत्या; त्यांनी विचारलं, "मराठी किसको आती है?" तर माझा हात सगळ्यात आधी वर.

प्रदर्शन अंकुरदादांचं. ते पॉप आर्टिस्ट, म्हणजे शेवेची पाकिटंसुद्धा भडक गुलाबी-पिवळी रंगवून भिंतीवर लावणारे. या वेळी मात्र त्यांच्या प्रायोगिक फिल्म्स होत्या. सगळ्यात मोठ्या भिंतीवर त्यांची आई, भानुमतीकाकू. लकव्यानंतर डाव्या हातानं सुईत दोरा ओवताहेत. अकरा मिनिटं फक्त तेवढंच. दोरा चुकला की पडदा हिरवा, परत चुकला की जांभळा. काकूंनी एकाच अटीवर होकार दिला होता: कोणी हसलं, तर फिल्म बंद.

हिंदी पाटीवर होतं ‘माँ की चेष्टा’. मी ‘माँ की’चं ‘आईची’ केलं, झालं! ‘प्रयत्न’ मला माहीत होता, पण ‘चेष्टा’ कसा वजनदार वाटत होता. स्मिताजींना मराठी येत नाही आणि अंकुरदादा न वाचताच म्हणाले, "बढ़िया."

उद्घाटनाला काकू काठी टेकत आल्या. मी धावतच गेले.

"काकू, पाटी बघा ना! मराठी मी लिहिलंय!"

त्यांनी वाचलं. परत वाचलं.

"कोणी सांगितलं असं लिहायला?"

"कोणीच नाही! अगदी माझ्या मनानं!"

मागच्या दोन मराठी बायका पाटी वाचून फिसकन हसल्या. काकूंनी वळून पाहिलं. भिंतीवर त्यांचाच हात थरथरत होता.

"अंकुर, बंद कर ते."

"क्या हुआ आई?"

"लोकं हसली. ठरलं होतं ना आपलं?"

दादांनी प्रोजेक्टर बंद केला. मला काहीच कळेना. शेवटी त्या दोघींतली एक म्हणाली, "अगं, चेष्टा म्हणजे मजाक. आईची मजाक उडवली, असं लिहिलंयस तू."

मी पाटी परत वाचली. स्मिताजी हळूच म्हणाल्या, "संबोधी, प्रिंटिंग मिस्टेक बोल दे."

आणि मी बोलले. "काकू, ती छपाईची चूक आहे."

"आत्ता तर म्हणालीस, माझ्या मनानं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काठी टेकत बाहेर गेल्या. दादा त्यांना गाडीत बसवत होते, तोवर मी पळत पोचले.

"काकू, मी खोटं बोलले. हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश, तर मला वाटलं मराठीतपण तेच. मला... मराठी तेवढी येत नाही."

शेवटचं वाक्य कसंबसं निघालं.

काकूंनी काठी गाडीत ओढून घेतली. "मग कोशिशच लिहायचं. साताऱ्याहून इथे येऊन एकेचाळीस वर्षं झाली मला. कळलं असतं."

"फिल्म परत लावायची?" मी विचारलं.

"नको. आता तो हात बघितला की मला ते हसणंच ऐकू येईल."

गाडी गेली. आत आले तर एक काका रिकाम्या भिंतीसमोर उभे. "बेटा, यहाँ क्या था?"

स्मिताजी माझ्याकडेच बघत होत्या.

"एक फिल्म थी अंकल. मेरी गलती से बंद है."

"कैसी गलती?"

सांगितलं. संध्याकाळपर्यंत सात जणांना सांगितलं.