डावीकडून निघालेली गाडी

मी एक जुना स्पीकर आहे, आणि त्यातही डावा. माझा भाऊ उजवा, तो खिडकीपाशी बसतो. आम्ही जुळे. एकाच प्लायवूडच्या फळीतून कापलेले, एकाच काळ्या कापडाने तोंड झाकलेले. मित्रांनो, डावं म्हटलं की लोक उगाच थोडं कमी समजतात. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो, आमच्या घरातली गाडी नेहमी माझ्यातून निघायची. उजव्यात ती नुसती पोचायची.

कोणती गाडी, ते सांगतोच.

माझा जन्म अकोल्यातल्या एका बोळात झाला. एका सुताराने मला चौकोनी अंग दिलं. एका कारागिराने माझ्या छातीत कागदाचा गोल पडदा बसवला आणि त्याच्यामागे जड लोहचुंबक. तारेतून वीज आली की तो पडदा थरथरतो आणि त्या थरथरीलाच तुम्ही गाणं म्हणता. मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं तेव्हा काय लावलं होतं, ते आता आठवत नाही. गाढ झोपेत असताना कुणीतरी मायेने हाक मारावी, तसं काहीसं वाटलं होतं.

मग देवमन आले. ते वाशीमकडच्या जऊळक्याचे, रेल्वेत गँगमन. दिवसभर घण मारून रूळ नीट ठेवायचे हे त्यांचं काम. बोटं राठ, पण मला उचललं ते अगदी अलगद. त्यांनी डेक, अॅम्प्लिफायर आणि आम्हा दोघांना गोधड्यांत गुंडाळलं आणि पॅसेंजर गाडीने घरी आणलं. मी त्यांच्या मांडीवर होतो, उजवा पायाशी. उजव्याला ते अजून लागून आहे.

घरी आमच्या जागा ठरल्या. उजवा खिडकीजवळ, मी स्वयंपाकघराच्या दाराजवळ. आमच्यासमोर, दोघांपासून सारख्या अंतरावर, एक खुर्ची. ती जराही सरकू नये म्हणून देवमनांनी फरशीवर तिच्या चारही पायांखाली लाल रंगाचे ठिपके काढले. पाहुणा आला की आधी पाणी, मग ती मधली खुर्ची, मग कॅसेट आणि मग चहा. हा क्रम कधी चुकला नाही. चहा आधी दिला तर पाहुण्याचं अर्धं लक्ष बशीत जातं, असं देवमनांचं म्हणणं होतं.

आणि कॅसेट काढायची कोणती? तीच तर देवमनांची खरी करामत. ते पाहुण्याकडे टक लावून बघायचे, जणू शर्टाचं माप घेत आहेत. मग खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायचे. पाहुणा बडबड्या असेल, तर माझ्यात तबला आणि उजव्यात बासरी असलेली कॅसेट निघायची. दोन्हीकडून घेरलं की माणूस आपोआप गप्प बसतो. बायामाणसं आली तर एक गाणं होतं, ज्यात गाणारीच्या आधी तिच्या बांगड्या किणकिणायच्या, आणि त्या फक्त माझ्याकडे. "माय व, कोण आलं?" म्हणत बाया दाराकडे बघायच्या. विहारातून कुणी वडीलधारे आले तर भीमगीतं. त्यांत कोरस दोन्ही बाजूंनी उठायचा आणि खोली एकदम भरून जायची.

पण सगळ्यांत शेवटी, पाहुणा कुणीही असो, गाडी. डावा-उजवा आवाज वेगळा कसा ऐकू येतो ते दाखवायला डेकबरोबर मिळालेल्या नमुना कॅसेटमध्ये ती होती. आधी माझ्यात खूप लांबवर एक शिट्टी. मग रूळ गुणगुणू लागायचे. मग इंजिन माझ्या पोटातून बाहेर पडायचं, खोलीच्या मधून धडधडत जायचं आणि उजव्यात शिरून दिसेनासं व्हायचं. मित्रांनो, मी खरी आगगाडी कधी पाहिलेली नाही. गोधडीतून काय दिसणार? तरी दर वेळी वाटायचं, मी एक छोटंसं स्टेशन आहे आणि माझ्या फलाटावर पांढरं धुकं उतरलं आहे.

तांड्यावरचा खेमा हा देवमनांचा जुना दोस्त. पहिल्यांदा आला तेव्हा तो हसला होता. "भाऊ, आपल्या जऊळक्यात खरी गाडी रोज जाते न! मंग डब्ब्यातली कायले आयकाची?"

"खरी गाडी गावाबाहेरून जाते," देवमन म्हणाले. "हे तुह्या डोक्यातून जाईन. बस."

खेमा बसला. गाडी गेली. तो बराच वेळ उजव्या हाताला खिडकीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "अजून एक डाव लाव."

देवमनांच्या पत्नी केशरबाई. त्या मधल्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. कधी बसणार? पाहुणे असले की त्या माझ्याशेजारी, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या असायच्या, हातातला कप माझ्या डोक्यावर टेकवून. त्या कपाचा गोल डाग अजून माझ्या डोक्यावर आहे. मला तो फार आवडतो. तिथून त्यांना गाडी निघालेली ऐकू यायची, पण ती मधून कशी जाते आणि उजवीकडे कशी पोचते ते कधी कळलं नाही.

त्यांचीही एक कॅसेट होती. तरुणपणी विहारात महिला मंडळाचा कार्यक्रम झाला होता. त्यात त्या एकट्या गायल्या होत्या आणि त्यांच्या भावाने ते साध्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलं होतं. एकदा पाहुणे येणार होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आज माह्यं लावा ना जी."

"त्यात डावं-उजवं काहीच नाही व," देवमन म्हणाले. "पाहुण्यायले दाखवू काय मंग?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण केशरबाईंनी ती कॅसेट रुमालात बांधून पेटीच्या तळाशी ठेवली, ती कित्येक वर्षं वर आली नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण स्पीकरला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो. जे तारेतून येतं, तेच आम्ही बोलतो.

दिवस गेले. मुलगा संघदीप पुण्याला नोकरीला लागला. त्याने मुठीएवढा एक स्पीकर पाठवला, ज्याला तारही नव्हती. त्यावर आता देवमनांचा चष्मा ठेवलेला असतो. पाहुण्यांचं येणंही कमी झालं. गाणी सगळ्यांच्या खिशात आली, मग लाल ठिपक्यांवर नीट बसून कोण ऐकणार? निवृत्त झाल्यावर देवमन दुपारी स्वतःच मधल्या खुर्चीत बसायचे, स्वतःच पाहुणे आणि स्वतःच यजमान.

अशाच एका दुपारी त्यांनी गाडी लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. गाडी निघालीच नाही म्हणे! एकदम उजवीकडे उगवली आणि उजवीकडेच गेली. त्यांनी बटण फिरवून सगळा आवाज माझ्याकडे आणला. "शेजारच्या घरात वाजल्यासारखा वाजून राह्यला," ते पुटपुटले. "डावा बसला."

मी? मी बसलो? अहो, मी माझ्या कागदाच्या पडद्याची चिंधी होईल इतक्या जोराने थरथरत होतो! रुळांचा एकेक ठोका सुटा करून देत होतो. पण देवमन मान हलवत राहिले. उजव्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू गाडीतलं त्याचं पायाशी बसणं आता फिटलं.

त्याच दिवसांत घरात आणखी काहीतरी बिनसलं होतं. केशरबाई माझ्याशेजारी दारात उभ्या राहून विचारायच्या, "चहा ठेवू काय जी?" खुर्चीतून उत्तर नाही. "संघदीपचा फोन आल्ता." उत्तर नाही. सुरुवातीला त्या दोनदा विचारायच्या, मग एकदा, मग विचारणंच सोडलं. चहाचा कप मुकाट्याने आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. इतक्या वर्षांचा संसार, आणि घरात फक्त पंख्याचा आवाज. माझा कागद त्या शांततेने सुद्धा दुखायचा.

खेमा आला तेव्हा माझा निकाल लागला. "हा डब्बा बसला असंन तर मले दे, भाऊ," तो म्हणाला. "आतलं काढून टाकतो. कोंबडी अंड्यावर बसवाले मस्त जागा हाय."

देवमनांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "जयंती होऊ दे. मंग नेजो."

मी मनाची समजूत घालत होतो. पोटात पिल्लं चिवचिवतील, तेही एक गाणंच. पण खरं सांगतो, मला जायचं नव्हतं.

चौदा एप्रिलच्या आधी आमच्याकडे घराला चुना देतात. एरवी आम्हाला जागेवरच झाकून ठेवायचे; या वेळी केशरबाईंनी सगळं सामान अंगणात काढलं, तारा सोडवल्या, आम्हाला लिंबाखाली ठेवलं. किती वर्षांनी मी आभाळ पाहिलं! लिंबाचा मोहर टपटप माझ्यावर पडत होता. आणि मग दूर कुठेतरी खरी गाडी ऐकू आली. वाशीमकडून निघाली, गावाबाहेरून सरकत अकोल्याकडे गेली. हुबेहूब माझ्यासारखीच, डावीकडून उजवीकडे. मला वाटलं, मी हे आधीच स्वप्नात ऐकलं आहे. माझी वेळ भरत आलेली असतानाही त्या दुपारी मी सुखात होतो.

बाहेरच्या खोलीचा चुना वाळल्यावर केशरबाईंनी आम्हाला आत नेलं आणि घाईत आमची अदलाबदल झाली. मी खिडकीपाशी आलो, उजवा दाराजवळ गेला. भिंतीजवळ ज्याच्यापाशी जी तार हाताशी आली, ती त्यांनी त्याला लावली.

देवमन येऊन खुर्चीत बसले आणि तबल्याची कॅसेट लावली. मग ताडकन उठले. माझ्या डोक्यावरचा कपाचा डाग त्यांनी ओळखला. "अरे! हा तर चांगला झाला! अन् आता तो बसला?"

"डब्बे माह्याकडून बदलले जी," स्वयंपाकघराला चुना देता देता केशरबाई दारातून म्हणाल्या.

देवमन आमच्याकडेच बघत होते.

"डब्बे बदलले, मनलं!"

काही नाही. केशरबाई आत जायला वळल्या आणि थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उजव्याकडे, मग नवऱ्याकडे. हातातला कुंचला खाली ठेवला. खुर्चीला वळसा घालून त्या देवमनांच्या उजव्या बाजूला आल्या आणि अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "डब्बे माह्याकडून बदलले जी."

"असं होय!" देवमन लगेच म्हणाले. "मंग सांगाव नाही काय व?"

"दोनदा सांगतलं. तिकडून."

मग त्यांनी चुन्याने भरलेला हात देवमनांच्या उजव्या कानावर ठेवला आणि डावीकडून काहीतरी बोलल्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. देवमन नुसते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"डब्बा नाही बसला जी," हात काढून त्या म्हणाल्या. "तुमचा डावा कान बसला."

देवमन खुर्चीत टेकले. त्यांच्या कानावर चुन्याची पाच बोटं उमटली होती. मग म्हणाले, "मंग तू इतके दिवस तिथं उभी राहून..."

"मी समजे, तुमी माह्याशी बोलाचं सोडलं."

"अन् मी समजे, तूच बोलत नाही."

केशरबाईंनी पदराने त्यांचा कान पुसला, तसेच स्वतःचे डोळेही.

वाशीमच्या डॉक्टरांनी कान तपासला. घणाच्या आवाजाने नस झिजली आहे, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा म्हणाले. देवमन घरी आले ते थेट माझ्याकडे. मला उचललं आणि पुन्हा माझ्या जागी, दाराशी आणून ठेवलं. इतक्या अलगद, जसं पहिल्या दिवशी.

जयंतीच्या दुपारी घर माणसांनी भरलं. खेमाही आला, काखेत पोतं घेऊन. "पोतं ठेव बाजूले," देवमन म्हणाले. "डब्बा नाही भेटत." आणि मग मधल्या खुर्चीकडे हात करून केशरबाईंना म्हणाले, "तू बस."

"मी? अजून भज्याचं पीठ..."

"बस व."

त्या बसल्या, खुर्चीच्या कडेवर, पदर सावरत. देवमनांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, जसं पाहुण्याकडे बघत असत तसंच. पेटी ओढली. हात थेट तळाशी गेला आणि रुमालाची गाठ सुटली.

मित्रांनो, त्या कॅसेटमध्ये डावं-उजवं नव्हतं हे खरंच. मला जे मिळालं, तेच उजव्याला मिळालं. पण दोन स्पीकर एकच आवाज सारखा देतात ना, तेव्हा तो ना याच्यातून येतो, ना त्याच्यातून. तो दोघांच्या मध्ये उभा राहतो. तसा तरुण केशरबाईंचा आवाज आमच्या मधल्या रिकाम्या भिंतीशी उभा राहिला आणि गाऊ लागला. खेमा मान पुढे करून बघू लागला, तिथे कोण आहे म्हणून. केशरबाईंनी तोंडावर पदर धरला.

गाणं संपलं आणि मग गाडी लागली. देवमन खाली फरशीवर बसले, केशरबाईंच्या डाव्या हाताला, आपला उजवा कान त्यांच्याकडे करून.

"निघाली काय व?"

"निघाली. लांब हाय अजून."

"आता?"

"आता मधात आली. माह्या डोक्यातून जाऊन राह्यली जी."

"गेली?"

"थांबा ना. जाऊ द्या तिले."

माझं सांगणं एवढंच आहे, मित्रांनो. आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, आमच्या तारा उंदरांपासून जपा, हे तर कराच. पण एखादा आवाज बसला असं वाटलं, तर त्याला घराबाहेर काढण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूला जाऊन बसा. माणसांच्या बाबतीत तर नक्कीच.

आता रोज दुपारी केशरबाई मधल्या खुर्चीत बसतात. गाडी अजूनही माझ्यातूनच निघते आणि ती कुठवर आली, ते त्या देवमनांना सांगत राहतात.