भिकुबाईचे मांडे

ओट्यासमोर सारं गाव लोटलं होतं. तोताराम भगत सुपडूच्या उघड्या पोटावर वाकला, बेंबीला तोंड लावून त्याने जोराने चोखलं आणि तळहातावर थुंकला. पानाच्या लाल थुंकीत केसांचा गुंतवळ होता.

"हाई दखा. खाऊ घालेल शे. मांडामा."

जेवणातून करणी केली म्हणताच बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यांच्या माना मागे वळल्या, कारण भिकुबाई मागे उभी होती.

भडगावजवळच्या त्या गिरणाकाठच्या खेड्यात तिच्यासारखे पुरणाचे मांडे कुणाला जमत नसत. सुपडू तिचा धाकटा दीर. सासू गेली तेव्हा तो रांगत होता. तिनेच त्याला वाढवला. नवरा वारल्यावर ती वेगळी राहू लागली, तरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपडूच्या पानात पहिला मांडा तिच्या खापरावरचा पडे. यंदाही तो पोटभर जेवला आणि संध्याकाळी पोट धरून लोळू लागला.

"मन्हा हातनं खाईसनीच मोठा व्हयना तो," ती म्हणाली. "मी त्याले काय खाऊ घालसू?"

"म्हनीसनच तर सोपं पडनं तुले," भगत म्हणाला. दोघंचौघं हसले.

तेवढ्यात सुपडूची कळ थांबली. तो उठून बसला. भगताच्या पायांवर नारळ पडले. भिकुबाईने दिराकडे पाहिलं, तर त्याने मान फिरवली. त्याची बायको कमलबाई दारात येऊन म्हणाली, "अक्का, आमना उंबरठा चढू नको."

पावसाळा सरता सरता सुपडूच्या पोटात पुन्हा कळ उठली. या वेळी हिरवी उलटी, पोट ढोलासारखं ताठ. "आखो एक केसनी गाठ शे," म्हणत भगत तेल लावून चोळत राहिला. भिकुबाई रस्त्यावरूनच विनवी, "धुळाले दवाखानामा लई जा त्याले." तिच्या तोंडून निघालं म्हणून तेही कपटच ठरलं. "मारानी घाई व्हयनी इले," बायका म्हणाल्या. कमलबाईने गाडी जुंपायला सांगितली, तोवर सुपडूला शुद्ध नव्हती. भिकुबाई गाडीमागे चालत निघाली. गावाबाहेर कमलबाईने गाडी थांबवून तिला वर घेतलं आणि मागच्या कडेला बसवलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं. ते बाहेर आले तेव्हा सुपडू गेल्याचं त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"इनीच खाऊ घाल्हं, साहेब," कमलबाई जावेकडे बोट करून रडली.

डॉक्टर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. "बाई, आईच्या पोटात असताना बाळाच्या आतड्यापासून बेंबीपर्यंत एक नळी असते. जन्माआधीच ती विरून जाते. क्वचित कुणाची थोडी राहते. याच्या आतड्याला बोटाएवढी पिशवी होती आणि तिथून बेंबीपर्यंत दोरीसारखा धागा. त्या धाग्याभोवती आतड्याला पीळ पडला. मागे एकदा पीळ आपोआप सुटला असेल. या वेळी सुटला नाही, आतडं काळं पडलं. हा दोष तो जन्मताना घेऊन आला होता. या बाईंनी पहिला घास भरवला त्याच्याही आधी."

"मंग केस?"

"बेंबीतून केसाला वाट नसते. पान खाणाऱ्याच्या गालात मात्र जागा असते. पुढच्या वेळी त्याला आधी चूळ भरायला लावा."

पुढची वेळ लवकरच आली. गावातल्याच उखर्डूच्या लेकीचं पोट दुखलं, भगत आला, गर्दी जमली. कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली.

"भगत, पहिले चूळ भर."

"रांडमुंड बाईना हातनं पानी?" तो गालातल्या गालात बोलला.

"मंग उखर्डूभाऊना हातनं ले."

"भर ना भो," मागून एक म्हातारा म्हणाला, "चूळच त शे."

भगताने गिळायचा प्रयत्न केला. ठसका लागला आणि पानाच्या चोथ्याबरोबर गुंतवळ अंगणात पडला. कुणी हसलं नाही. सुपडू सगळ्यांना आठवला. उखर्डू उठला आणि बैल सोडून गाडी जुंपायला गेला.

पुढच्या आखाजीला कमलबाईने गेलेल्या माणसासाठी भरतात तशी सुपडूच्या नावाची घागर भरली. भिकुबाई अंगणातच थांबली होती. कमलबाईने तिचा हात धरून तिला आत नेलं, मांडा मोडला आणि आल्यागेल्यांच्या देखत पहिला घास स्वतः खाल्ला. भिकुबाई घागरीकडे पाहत राहिली. तिचे मांडे आवडीने खाणारा गेला होता. जाताना तिच्याशी बोललाही नव्हता.

म्हणून सांगावंसं वाटतं. घरात कुणाचं पोट फुगलं, उलटी थांबेना, तर खाऊ कुणी घातलं ते विचारत बसू नका. गाडी जुंपा. सुपडूसाठीही गाडी जुंपली होती, पण फार उशिरा.