उंदीर कोणत्या खात्याचा?

जंगलाच्या कडेला गुरांचा दवाखाना होता आणि त्यात रक्त तपासणारी एक बाई. सगळे तिला सुईताई म्हणत. एकदा तिने चाळीस गायींचं, पिंजऱ्यात सापडलेल्या सात उंदरांचं आणि, सामान उघडलेलंच होतं म्हणून, तीस लाकूडतोड्यांचंही रक्त घेतलं. निम्म्या गायी, पाच उंदीर आणि नऊ माणसं यांच्या रक्तात लेप्टो या तापाच्या खुणा निघाल्या. उंदीर दलदलीच्या पाण्यात मुततो आणि त्याच पाण्यात माणसं भेगाळलेल्या टाचांनी दिवसभर उभी असतात. हे सगळं तिने दोन पानांत लिहून वर पाठवलं.

वर म्हणजे तीन ठिकाणी. आरोग्य खात्याने कळवलं, की रोग जनावरांचा आहे, तो तुमच्याकडेच ठेवा. पशुखात्याने विचारलं, की माणसांना सुई टोचायला कुणी सांगितलं होतं. वनखात्याने तर नोटीसच धाडली: जंगलातला उंदीर आमचा, तो पकडण्याची परवानगी दाखवा. गायींवर मात्र कुणीच हक्क सांगितला नाही.

त्यानंतर आठवड्याभरात तिचा दीर ओंडके ओढता ओढता मटकन खाली बसला. अंगात ताप, डोळे लालभडक, आणि पोटऱ्यांना तर कुणाला हात लावू देईना. सुईताईने ओळखलं. त्याला जीपमध्ये घालून तिने थेट इस्पितळ गाठलं. तिथला डॉक्टर तरुण होता, सज्जन होता आणि कागदाला भिऊन होता. त्याने रोगांची यादी चाळली. या भागापुढे लेप्टोची नोंद नव्हती, कारण तिचा अहवाल अजून कुणी स्वीकारलाच नव्हता.

"अधिकृतपणे हा रोग इथे नाहीच, ताई," तो म्हणाला.

"मग अनधिकृत औषध द्या. कालपासून त्याला लघवी जवळजवळ नाही."

डॉक्टरने यादी पालथी घातली आणि इंजेक्शन भरलं.

चार दिवस सुईताई बाकावर बसून लघवीचं भांडं मोजत राहिली. पाचव्या दिवशी ते काठोकाठ भरलं आणि तिला रडूच फुटलं. दीर ओशाळून भिंतीकडे तोंड करून पडला. घरी आल्यावर त्याने एकच मागणं मागितलं, गुडघ्यापर्यंतच्या बुटांचं.

बूट होते, पशुखात्याच्या गोदामात, पण फक्त गोठ्यात काम करणाऱ्यांसाठी. सुईताईने फॉर्म आणले आणि तीसच्या तीस लाकूडतोड्यांना एका दुपारीत गोठेवाले करून टाकलं. बूट आले. दोन-चार जोड जास्तच आले.

महिन्याभराने पशुखात्याचे साहेब पाहणीला आले. दलदलीपाशी त्यांनी एका लाकूडतोड्याला विचारलं, तुझ्याकडे गायी किती?

"ताईंनी लिहिल्यात तेवढ्या, साहेब."

आता नोकरी गेलीच, असं सुईताईला वाटलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांचे पॉलिश केलेले बूट चिखलात रुतले होते आणि पाणी मोज्यात शिरत होतं. पाच उंदरांचा आकडा त्यांनी वाचला होता. जरा बाजूला येऊन त्यांनी हळूच विचारलं, की आठ नंबरचा जोड शिल्लक आहे का.

"आहे," सुईताई म्हणाली. "पण गोठेवाला म्हणून सही करावी लागेल."

साहेबांनी तिथेच, एका ओंडक्यावर कागद ठेवून सही केली.